टू हँड बटणाला पाचर मारून प्रेस चालवतात, सांगून सांगून थकलो, काय करू?

शिफ्ट_इनचार्ज

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. चाकणच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे, दीड वर्ष झालं. नऊ पॉवर प्रेस आहेत, पाच जुन्या पिन क्लचवाल्या आणि चार न्यूमॅटिक म्हणजे हवेच्या दाबावरच्या क्लचच्या. न्यूमॅटिकवर दोन हातांची बटणं आहेत म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येणार नाही, निदान तसं अपेक्षित आहे. पण पोरं काय करतात तर डाव्या बटणाच्या खाचेत लाकडाची पाचर नाहीतर होस पाइपचा तुकडा ठोकून ते कायमचं दाबून ठेवतात आणि उजव्या हाताने एकच बटण मारत बसतात, डावा हात जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) ठेवायला मोकळा. मागच्या आठवड्यात एकाच्या हॅन्डग्लोव्हजचं टोक डायमध्ये (साच्यात) कापलं गेलं, बोट वाचलं, नशीब. तो स्वतःच हसत होता आणि मला रात्रभर झोप नाही.

आता मी काय काय केलं ते सांगतो. रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं टूलबॉक्स टॉक (सेफ्टीचं बोलणं) घेतो, पोस्टर लावलेत, ४ मार्चला सेफ्टी डेची शपथ घेतली, कापलेल्या बोटांचे व्हिडिओ दाखवले, शेवटी २०० रुपये दंडपण सुरू केला. फरक एवढाच पडला की माझ्या बुटांचा आवाज आला की पाचर खिशात जाते आणि मी वळलो की परत आत. एचआर म्हणतंय प्रत्येक मशीनवर बायकापोरांचा फोटो लावा म्हणजे जबाबदारी वाटेल. मला पटत नाहीये पण माझ्याकडे दुसरं उत्तरपण नाहीये. माणूस कामावर नीट वागतो तो नेमका कशामुळे, भीतीने, पैशाने, की घरच्यांच्या आठवणीने? ज्यांनी हे बघितलंय त्यांनी सांगा.

रोखठोक_भोसरी

शिस्तच नाही राहिली दुसरं काय. दोघांना घरी बसवा, बाकीचे आपोआप सरळ होतात. आमच्या गाळ्यात असलं चालत नाही.

जुना_प्रेसवाला

रोखठोक भाऊ, तुमच्या गाळ्यात चालत नाही की तुम्हाला दिसत नाही, ते एकदा रात्रपाळीला दोन वाजता न सांगता जाऊन बघा मग बोलू.

शिफ्ट इनचार्ज, तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी २८ वर्षं प्रेसवर काढली. उजव्या हाताची तर्जनी दोन पेरं नाहीये. कायद्याच्या तक्त्यात त्याला ११ टक्के अपंगत्व धरतात, आख्खं बोट गेलं तर १४, अंगठा गेला तर ३०, हे मला पाठ आहे कारण ते पाठ व्हायला लागलं. आणि ज्या दिवशी बोट गेलं त्या दिवशी मी काही नवखा नव्हतो, पंधरा वर्षांचा ऑपरेटर, नव्या पोरांना शिकवणारा. पिन क्लचची प्रेस, पायात पॅडल, पिनचं स्प्रिंग दमलेलं, मी पाय उचलला तरी रॅम दुसऱ्यांदा खाली आला. त्याला आम्ही डबल म्हणायचो. डबल येतंय हे सगळ्या लाईनला आठ दिवस माहीत होतं, सेटरला माहीत होतं, मला माहीत होतं. मग चालवली कशाला असं विचारशील. तर पीस रेट होता बाबा, जेवढे नग तेवढे पैसे. मशीन बंद ठेवून मेंटेनन्सची वाट बघितली तर ते तास माझ्या खिशातून जाणार, आणि आठ दिवस काहीच झालं नव्हतं. हे "काहीच झालं नव्हतं" फार वाईट असतं. पाचर मारली की हजार वेळा काही होत नाही, हजार वेळा फायदाच होतो, हात मोकळा, खांदा दुखत नाही, नग जास्त निघतात, आणि तुझं पोस्टर म्हणतं धोका आहे. माणूस पोस्टरचं ऐकेल का हजार वेळच्या अनुभवाचं?

आता तू एक काम कर. पोरांना सांगू नको, रागावू नको, फक्त घड्याळ घेऊन उभा राहा. पाचर काढून, दोन्ही हात बटणावर, एक नग काढायला किती सेकंद लागतात ते मोज. पन्नास नग मोज, एक मोजू नको. मग शिफ्टमधल्या कामाच्या एकूण सेकंदांना त्याने भाग आणि तुझ्या टार्गेटशी ताडून बघ. मला उत्तर माहितीये पण तू स्वतः काढ.

दुसरं, डावं बटण किती उंचीवर आहे बघ. छातीच्या वर असेल तर दिवसाला तीन हजार वेळा तो हात वर जातो. तुझा कधी गेलाय? तिसरं म्हणजे जॉब डायला चिकटतो का. चिकटत असेल तर तो काढायला माणूस हातच घालणार, चिमटा कुठे ठेवलाय, आहे का, आणि त्याचं तोंड त्या जॉबला बसतं का हे बघ. आमच्याकडे चिमटे होते, स्टोअरमध्ये, कुलपात.

आणि फोटोबिटो लावू नको. घरच्यांची आठवण काढायला कुणाला फोटो लागत नाही. तो घरासाठीच तर पाचर मारतोय.

कंत्राटी_गडी

भावा मी कंत्राटीत आहे म्हणून नाव गाव विचारू नको. पहिल्या दिवशी आम्हाला एका खोलीत बसवून एक तास व्हिडिओ दाखवला मराठीत, आमच्यातली निम्मी पोरं ओडिशाची न बिहारची, सह्या सगळ्यांनी केल्या. मग शॉपमध्ये गेलो तर जुन्या ऑपरेटरने पहिली गोष्ट काय शिकवली माहितीये का, पाचर कशी मारायची आणि साहेब आले की कशी काढायची. दुसरी गोष्ट चहा कुठे मिळतो. हीच खरी ट्रेनिंग. आणि नको म्हणलं तर तोच म्हणणार की तुझ्यामुळे लाईनचा आकडा पडला. साहेब लोक म्हणतात निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) सांगा, सांगून काय होतं ते आम्ही बघितलंय, एकाने सांगितलं की मशीनचा गार्ड (बोट आत जाऊ नये म्हणून असलेला आडोसा) सैल आहे, दुसऱ्या आठवड्यात त्याचं गेटवर कार्ड चाललं नाही, कारण कोणी सांगितलं नाही पण सगळ्यांना कळलं. दंडाचं म्हणशील तर २०० रुपये दंड आणि आकडा गाठला की ३०० इन्सेंटिव्ह, तूच सांग आम्ही काय करणार.

सेफ्टी_सातपूर

वरच्या दोघांनी जे लिहिलंय ते आमच्या डिप्लोमाच्या वर्षभरात कुणी इतकं सरळ सांगितलं नाही. मी नाशिकला एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, थोडं लांबेल, वेळ असेल तर वाचा.

रोखठोक म्हणतात ती "कामगारच चुकतो" वाली समजूत आजची नाही. हाइनरिश नावाचा अमेरिकेतल्या एका विमा कंपनीतला माणूस, त्याने १९३१ साली पुस्तक लिहून सांगितलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्याने होतात. तो आकडा अजून प्रेझेंटेशनमध्ये फिरतो. पण त्याने तो काढला कशावरून, तर विम्याच्या दाव्यांवरून आणि अपघाताच्या रिपोर्टवरून, आणि ते रिपोर्ट लिहिले होते सुपरवायझर आणि मालकांनी. आता तुम्हीच सांगा कोणता सुपरवायझर रिपोर्टमध्ये लिहील की माझं टार्गेट चुकीचं होतं म्हणून याचं बोट गेलं? "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" लिहिलं की फाईल बंद. मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत असे रिपोर्ट लिहिलेत, लाज वाटते आता.

त्यापेक्षा १९८० साली इस्रायलमध्ये डोव्ह झोहार यांनी वीस कारखान्यांत कामगारांना प्रश्न विचारून जे काढलं ते जास्त कामाचं आहे. सेफ्टीचं वातावरण हा शब्द तिथून चालत आला. कामगार काय बघतो तर बोर्डावर काय लिहिलंय ते नाही, वरची माणसं सेफ्टीला खरंच किंमत देतात का ते. पुढे त्यांनीच आणखी एक प्रयोग केला तो मला फार आवडतो. कामगारांना काहीच शिकवलं नाही, फक्त दर आठवड्याला कामगारांना विचारायचं की तुमचा सुपरवायझर तुमच्याशी शेवटचं बोलला तेव्हा कशाबद्दल बोलला, कामाच्या वेगाबद्दल की सुरक्षेबद्दल, आणि त्याचं उत्तर सुपरवायझरला आणि त्याच्या साहेबाला दाखवायचं. सुपरवायझरांचं बोलणं बदललं, आणि मग किरकोळ जखमा कमी झाल्या, इअरप्लगचा वापर वाढला. म्हणजे शिफ्ट इनचार्ज, सकाळची पाच मिनिटं तू सेफ्टीवर बोलतोस ते ठीक, पण उरलेले आठ तास तू लाईनवर जाऊन काय विचारतोस? "किती झाले?" हेच ना. पोरं ते ऐकतात.

आता तांत्रिक. तुझी बटणं पाचर मारून चालतात याचा अर्थच असा की ती नुसती सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग, जोडलेली आहेत. नीट टू हँड कंट्रोलला वेगळा रिले (दोन्ही बटणं तपासणारा स्विच) असतो, दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक, आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागतात. तिथे पाचर मारली की प्रेस चालतच नाही, विषय संपला, ना भाषण ना दंड. बहुतेक कधीतरी रिले जळाला असेल आणि मेंटेनन्सने तात्पुरतं डायरेक्ट करून दिलं असेल, पॅनल उघडून बघ.

जुना प्रेसवाला काकांनी बटणाच्या उंचीचं बरोबर सांगितलं पण एक सावधगिरी, बटण खाली घ्या, डायच्या जवळ घेऊ नका. हात सेकंदाला १.६ मीटर जातो असं धरून अंतर काढतात, रॅम थांबायला पाव सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात ४० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे अंतर त्याहून जास्तच हवं. आधी थांबायचा वेळ मोजून घ्या. आणि पिन क्लचवाल्या पाच मशीनवर लाईट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावू असं कुणी विकायला आलं तर घेऊ नका, एकदा पिन बसली की तो क्लच मध्येच थांबतच नाही, कर्टनला लाल दिवा लागेल आणि रॅम तरीही खाली येईल. तिथे पक्का गार्ड, ज्यातून जॉब जाईल पण बोट जाणार नाही.

कंत्राटी गडी, तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही हे कबूल करतो. भोपाळनंतर १९८७ ला कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी सेफ्टी कमिटी आली आणि कलम ४१ एच आलं, की कामगाराला जिवाला धोका वाटला तर त्याने सांगावं आणि व्यवस्थापनाने ताबडतोब काहीतरी करावं. हे कागदावर होतं, २०२५ ला त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. गेटवरचं कार्ड कलम वाचत नाही.

अरे हो, आणि ग्लोव्हज. सगळ्या शॉपला सरसकट ग्लोव्हज सक्तीचे केले असतील तर ड्रिल मशीनवरून आधी काढा. फिरत्या ड्रिलने ग्लोव्हजचा धागा पकडला की हातच ओढला जातो. नियम मोडणारा तिथे शहाणा असतो.

डिस्पॅच_आजच

सगळे मिळून प्रॉडक्शनवाल्याला झोडपताय म्हणून लिहितो. मी प्रॉडक्शन बघतो, दुसऱ्या ठिकाणी. कस्टमरची लाईन आमच्या ब्रॅकेटसाठी थांबली तर मिनिटाला डेबिट नोट लागते म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापतात, रात्री अकराला फोन येतो, मालकाचा, आणि मालकाला कस्टमरचा. मला कुणाची बोटं नको आहेत हो. पण कोटेशन देताना जो सायकल टाइम (एका नगाचा वेळ) लिहिला त्यावर रेट ठरलाय, आता सेफ्टीसाठी दोन सेकंद वाढवा म्हणलं तर ते पैसे कोण देणार? लहान व्हेंडरने हे वर कुणाला सांगायचं? ऑडिटला येतात तेव्हा तेच कस्टमर हेल्मेट, शूज, फर्स्ट एड बॉक्स तपासतात, सायकल टाइम बघून "अजून कमी होईल का" विचारतात, एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडून.

जुना_प्रेसवाला

डिस्पॅचवाले साहेब, तुमचं खरं आहे, ओझं वरून खाली येतंय. फक्त ते शेवटी कुणाच्या बोटावर उतरतं एवढंच बघा. आणि एक हिशोब करा, एक डाय अपघातात फुटली आणि शॉप दोन दिवस बंद राहिलं तर ते दोन सेकंद किती महिन्यांचे झाले?

रास_अल_खैमा_सांगलीकर

प्रेसचं मला काही कळत नाही, मी इकडे आखातात मचाण बांधायच्या कामावर फोरमन आहे, बारा वर्षं झाली. एवढंच सांगतो. इकडे उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, सरकारी नियम. त्याआधी फेब्रुवारी-मार्चपासून "पाणी प्या, सावलीत बसा" असे बोर्ड असतात, ते कोणी बघत नाही, मीपण बघत नाही. पण साडेबाराला कामच थांबतं तेव्हा पोरांना काही ठरवावं लागत नाही, घाबरट कोण आणि मर्द कोण हा प्रश्नच येत नाही. हार्नेसचं (उंचावरून पडू नये म्हणून घालायच्या पट्ट्याचं) मात्र उलटं. हुक लावायला खांबच नसेल त्या ठिकाणी, तर पोरगं हार्नेस घालून फिरतं आणि हुक पाठीला लटकत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं किती शिस्तीत आहे. ते बघितलं की मी आता पोराला ओरडत नाही, आधी वर बघतो की बांधायचं कुठे.

रोखठोक_भोसरी

ठीक आहे. रात्रपाळीला जाऊन आलो. काही बोलायचं नाहीये.

शिफ्ट_इनचार्ज

उशीर झाला त्याबद्दल माफ करा, तीन आठवडे डोकं फिरलं होतं. काका, मोजलं. तुम्ही म्हणल्यासारखं पन्नास नग, पाचर काढून, आमचा सगळ्यात तयार ऑपरेटर उभा करून. सरासरी साडेनऊ सेकंद. आठ तासांतून जेवणाचा अर्धा तास आणि दोन चहाची वीस मिनिटं काढली की २५,८०० सेकंद उरतात, म्हणजे कितीही जीव काढला, मध्ये एकही मिनिट मशीन थांबलं नाही तरी २,७१५ नग. आणि आमचं टार्गेट आहे ३,२००. मी दोनदा कॅल्क्युलेटर मारला. म्हणजे दीड वर्ष मी रोज सकाळी पाच मिनिटं सांगत होतो पाचर मारू नका आणि दिवसभर विचारत होतो ३,२०० का नाही झाले.

मग हा ३,२०० चा आकडा आला कुठून म्हणून जुनी फाईल काढली. ट्रायलच्या वेळी कुणीतरी स्टॉपवॉच लावून साडेसात सेकंद लिहिलंय आणि त्यावर थोडी सूट देऊन टार्गेट. त्या ट्रायलला जो ऑपरेटर होता तो अजून आमच्याकडे आहे, त्याला चहा पाजून विचारलं, तो म्हणाला साहेब तेव्हापण पाचर होतीच की, तुमच्या आधीच्या साहेबांनीच आणून दिली होती.

पॅनल उघडलं, सेफ्टी सातपूर, तुम्ही म्हणलात तेच, चारही मशीनवर रिले बायपास. एकावर तर रिलेच नाही, नुसती जागा. हे मेल करून मालकांना कळवलं, पंचेचाळीस मिनिटं शिव्या खाल्ल्या, शेवटी ते स्वतः खाली आले आणि एक शिफ्ट उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. दोन मशीनवर रिले बसले. त्या दोन मशीनचं टार्गेट सध्या २,५०० केलंय, कस्टमरला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, मालक म्हणाले दिवाळीपर्यंत बघू. २०० रुपये दंड बंद केला, इन्सेंटिव्ह मात्र जुन्याच आकड्यावर आहे, ते माझ्या हातात नाही. डावी बटणं खाली घेतली, अंतर मोजूनच. चिमटे स्टोअरमधून काढले, कुलूपच होतं काका. फोटो लावले नाहीत.

एक गंमत सांगतो, रिलेवाल्या मशीनवर पहिल्या दिवशी एकाने सवयीने पाचर मारली आणि प्रेस चालेना, तर त्याने मेंटेनन्सला फोन करून तक्रार दिली की मशीन बिघडलंय.

बाकीच्या दोन न्यूमॅटिकचे रिले अजून यायचे आहेत. आठ नंबरवर नवीन पोरगा आहे, परराज्यातला, हिंदी कमी समजतं त्याला, त्याच्या मशीनवर काल परत पाचर दिसली. मी ओरडलो नाही पण काय बोलू ते सुचलंही नाही, तसाच निघून आलो.

जुना_प्रेसवाला

आठ नंबरवर कुठला जॉब लागलाय? त्याला विचार चिकटतो का. भाषा येत नसेल तर डायकडे बोट दाखव, त्याला कळेल.